शिट्टी पंचाची, दाद कुणाकडे?

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर म्हटले की बाहेरच्यांना समुद्र, शंकराचे देऊळ आणि नारळीपोफळी आठवते. पण ओहोटी लागली की ओल्या वाळूवर दोन-दोन चपला ठेवून गोल आखणारी पोरे तिथेही आहेत, जशी ती साऱ्या कोकण किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या खेळात पंच नसतो. गोल झाला की नाही, यावर आरडाओरडा होतो, कुणी तरी "परत मार" म्हणतो आणि चेंडू पुन्हा मारला जातो. न्यायदानाची इतकी स्वस्त आणि इतकी जलद पद्धत कोट्यवधी रुपये ओतलेल्या व्यावसायिक फुटबॉलला अजून सापडलेली नाही. ३ मार्च २०२३ च्या रात्री बंगळुरूमध्ये जे घडले, ते आठवून फुटबॉलवेडी पोरे अजूनही दोन तट पाडून भांडतात, याचे कारण नेमके इथे आहे.

त्या रात्री श्री कांतिरवा स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता. बंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. हरेल तो घरी. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही, सामना जादा वेळेत गेला. जादा वेळेच्या सुरुवातीलाच बंगळुरूला गोलजवळ फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक प्रभसुखन गिल आपल्या खेळाडूंची भिंत उभी करण्यात गुंतलेला होता. सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न पाहता चेंडू उचलून रिकाम्या जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे खेळाडू पंचांभोवती जमले. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच मैदानात आले आणि सारा संघ घेऊन बाहेर निघून गेले. बराच वेळ वाट पाहून सामना बंगळुरूला १-० असा बहाल करण्यात आला.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. फ्री किक चटकन घेण्याची मुभा फुटबॉलच्या नियमात आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला थांबवून धरून अन्याय करणाऱ्याला सावरायला वेळ देऊ नये, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच आहे. मात्र पंचाने मध्ये पडून भिंतीचे अंतर मोजायला घेतले, तर पुढची किक शिट्टीनंतरच घ्यायची असते. म्हणजे सारा वाद एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपतो. पंचाने हस्तक्षेप केला होता की नव्हता? केरळवाले म्हणतात केला होता, बंगळुरूवाले म्हणतात छेत्रीने त्यांना विचारूनच किक घेतली. माझे मत विचाराल तर छेत्रीने नियमाबाहेर काही केले असे मला वाटत नाही. जागा असलेल्या खेळाडूने झोपलेल्याचा फायदा घेतला. पण माझ्या मताला किंवा तुमच्या मताला इथे काय किंमत आहे? तो प्रश्न त्या रात्री मैदानावर तपासण्याची सोयच नव्हती. पंचाला पडद्यावर दृश्य दाखवणारी जी यंत्रणा २०१८ च्या विश्वचषकात आली, ती या लीगमध्ये नव्हती.

शिक्षेची यंत्रणा मात्र अगदी चोख होती. महिना उलटायच्या आत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळ ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड ठोठावला आणि जाहीर माफी मागायला लावली. माफी न मागितल्यास दंड ६ कोटी. प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड. क्लबचे अपीलही फेटाळले गेले. मैदान सोडणे हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा हवी, याबद्दल वाद नाही. हजारो लोक तिकीट काढून आलेले असतात. पण याच महासंघाचा एक जुना निकाल आहे, तोही पाहिला पाहिजे. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगालविरुद्ध खेळताना मोहन बागानने मध्यंतरानंतर मैदानात उतरायला नकार दिला. आधी त्यांच्या ओडाफाला लाल कार्ड मिळाले होते, मग प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला होता. महासंघाने आधी दोन वर्षांची बंदी जाहीर केली. बागान हा शतकाहून जुना, बंगालच्या अभिमानाचा क्लब. काही आठवड्यांतच बंदी उठली आणि २ कोटींचा दंड व गुणकपातीवर मिटले. नियमाचे पुस्तक एकच असते, ते उघडणारे हात वेगळे असतात.

आणखी एक गंमत पाहा. बंगळुरूच्या त्या सामन्यानंतर पंधरा महिन्यांनी, ११ जून २०२४ रोजी, कतारमध्ये भारताचा विश्वचषक पात्रता सामना झाला. जिंकलो असतो तर भारत प्रथमच तिसऱ्या पात्रता फेरीत गेला असता. आपल्या मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या मिझोरामच्या लालियानझुआला छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल करून आघाडी मिळवून दिली. ७३ व्या मिनिटाला कतारच्या युसुफ आयमेनचा हेडर गुरप्रीतसिंगने अडवला, चेंडू त्याच्या अंगाखालून घरंगळत रेषेबाहेर गेला. कतारच्या एका खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि आयमेनने जाळ्यात मारला. जगाने टीव्हीवर चेंडू रेषेबाहेर पाहिला. कोरियन पंचाला आणि रेषेवरच्या पंचाला तो दिसला नाही. गोल दिला गेला. पुढे कतारने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. तिथेही पडद्याची सोय नव्हती. मग आपला महासंघ काय म्हणाला? अन्याय झाला, चौकशी करा, म्हणून त्याने फिफाकडे आणि आशियाई महासंघाकडे धाव घेतली. जो महासंघ आपल्या घरातील क्लबला शिस्त शिकवत होता, तोच दुसऱ्याच्या दारात दाद मागत उभा राहिला. निकाल अर्थातच बदलला नाही.

तरीही मी महासंघाला हसणार नाही. दाद मागायलाच हवी होती. आक्षेप एवढाच की दाद मागण्याचा जो हक्क आपण स्वतःसाठी गृहीत धरतो, तो आपल्या हाताखालच्यांना देताना हात आखडतो कशाला?

फुटबॉल हा तसा आपल्याकडे कोल्हापूर, मुंबई, गोवा असा बेटाबेटांवरचा खेळ. महाराष्ट्राच्या गावागावांत पंचाच्या निर्णयावरून जे रान पेटते ते कुस्तीत आणि कबड्डीत. म्हणून आता घरच्या आखाड्यात येऊ.

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचे वाडिया पार्क. ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर. या स्पर्धेत गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता किताबासाठी लढतात, म्हणून ही कुस्ती उपांत्य सामन्यासारखीच असते. काही क्षणांत राक्षे खाली गेला आणि पंचांनी चितपट दिली. राक्षेचे म्हणणे, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण दाखवा. दाखवले गेले नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. साऱ्या देशाने ती लाथ पाहिली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत काही सेकंद शिल्लक असताना महेंद्र गायकवाडने गुणावरून हरकत घेतली, ती मानली गेली नाही, तेव्हा तो आखाडा सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांवर लगोलग तीन-तीन वर्षांची बंदी घातली.

पंचावर पाय उचलणे हे कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. पैलवानाचा पाय म्हणजे काय चीज असते हे ज्यांनी तालीम पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आणि पंच हा काही जहागीरदार नसतो. बहुतेक वेळा तो एखादा जुना पैलवान असतो, शाळेतला क्रीडाशिक्षक असतो, दिवसभर उन्हात शिट्टी वाजवून संध्याकाळी शाल-नारळ आणि किरकोळ मानधन घेऊन एसटीने घरी जाणारा माणूस असतो. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी अशा पंचाला गोळीच घालायला हवी होती, असे विधान त्या वेळी केले. २००९ साली तिसऱ्या गदेच्या वेळी आपल्यावर असाच अन्याय झाला होता, असे ते सांगतात. सोळा वर्षे एक निर्णय माणसाच्या छातीत सलत राहतो, हे समजू शकते. पण गोळीची भाषा समजून घेण्यासारखी नाही. त्यातून खालच्या माणसावर राग निघतो आणि ज्यांनी तपासणीची सोय केली नाही, ते वर मंचावर हार घालून बसलेले असतात.

याच स्पर्धेचा थोडा मागचा इतिहास काढला की आणखी एक गोष्ट दिसते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेख हरला. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला. प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या टांगेवर चार गुण दिले गेले, ते द्यायला नको होते, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे. चार दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. पंचाला फोनवरून धमक्या गेल्या, पोलिसात तक्रार झाली. सिकंदर मुसलमान आहे म्हणून असे झाले, असे एक तट म्हणू लागला. तर कुस्तीत धर्म कशाला आणता, असे दुसरा तट दरडावू लागला. आणि तो चार गुण मिळालेला प्रतिस्पर्धी कोण? महेंद्र गायकवाड. तोच, जो दोन वर्षांनी अहिल्यानगरला एका गुणासाठी आखाडा सोडून गेला. २०२३ ला ती गदा कुणी जिंकली? शिवराज राक्षेने. तोच, ज्याने दोन वर्षांनी लाथ मारली. पंचाची चूक कुणाची सोयरी नसते. आज ज्याला तिचा लाभ मिळतो तो गप्प बसतो, आणि उद्या तीच त्याच्या दारात येते. या तिन्ही पैलवानांनी जानेवारी २०२३ मध्येच एकत्र येऊन तपासणीचा नियम मागितला असता तर? पण जिंकलेल्याला नियम आठवत नाही.

सिकंदरच्या बाबतीत धर्माचा भाग किती होता, हे मी इथे बसून ठरवणार नाही. त्या चार गुणांचा हिशोब नियमाच्या पुस्तकातून आणि चित्रफितीतून व्हायला हवा होता. तो उघडपणे, सर्वांसमोर झाला असता तर धर्माची कुजबुज तिथेच विरली असती किंवा तिथेच सिद्ध झाली असती. दार बंद ठेवून निर्णय घ्यायचा आणि बाहेर लोक वाईट बोलतात म्हणून लोकांनाच दोष द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सिकंदरने त्याच वर्षी १० नोव्हेंबरला पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवून गदा घेतली. त्याने उत्तर आखाड्यात दिले, असे सगळे कौतुकाने म्हणाले. म्हणायला ठीक आहे. पण ज्याला दुसरी संधी मिळाली नाही, जो पुढच्या वर्षी जखमी झाला, ज्याच्या घरात खुराकाला पैसे उरले नाहीत, त्याने उत्तर कुठे द्यायचे?

जगाच्या फुटबॉलमध्ये या प्रश्नाची एक बाजू फार स्पष्टपणे समोर आली आहे. ३ सप्टेंबर २००५ रोजी उझबेकिस्तान आणि बहारीन यांच्यात विश्वचषकासाठीच्या प्लेऑफचा सामना झाला. उझबेकिस्तानच्या पेनल्टीच्या वेळी त्यांचाच एक खेळाडू आधी आत घुसला. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंचाने त्याऐवजी बहारीनला फ्री किक दिली. उझबेकिस्तान १-० ने जिंकला, तरी तक्रार करून बसला. फिफाने काय केले? सामनाच रद्द केला आणि पुन्हा खेळवला. पुन्हा खेळलेला सामना १-१ सुटला, दुसरा ०-० सुटला आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेला. तक्रार करणाऱ्याच्या हाती धुपाटणे आले, पण तक्रार ऐकली गेली हे खरे.

चार वर्षांनी, १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स आणि आयर्लंड यांचा असाच प्लेऑफ झाला. जादा वेळेत थिएरी आन्रीने चेंडू चक्क हाताने अडवला आणि गालासकडे दिला. गालासने गोल केला. स्वीडिश पंचाला हात दिसला नाही. आन्रीने सामन्यानंतर हाताला चेंडू लागल्याचे कबूल केले. आयर्लंडने बहारीनच्या सामन्याचा दाखला देऊन पुन्हा सामना मागितला. फिफाने नकार दिला. का? तर उझबेकिस्तानच्या सामन्यात पंचाने नियम चुकीचा लावला होता, इथे पंचाला घटनाच दिसली नव्हती. नियमाची चूक तपासता येते, नजरेची चूक अंतिम असते. पुढे २०१५ साली उघड झाले की आयर्लंडच्या संघटनेने कोर्टात जाऊ नये म्हणून फिफाने तिला ५० लाख युरो दिले होते. फिफा त्याला कर्ज म्हणाली. म्हणजे जी चूक तपासण्यासारखी नाही असे सांगितले, तिच्यासाठी पैसे मात्र मोजले. आयरिश चाहते अजून तो हात विसरलेले नाहीत. त्यांना त्या पैशातला एक छदामही मिळालेला नाही.

वकिली व्यवहारात हा फरक सर्वांना ठाऊक आहे. कायद्याचा प्रश्न वेगळा, वस्तुस्थितीचा प्रश्न वेगळा. वरचे कोर्ट कायद्याची चूक दुरुस्त करते. साक्षीदार खरे बोलला की खोटे, यात ते सहसा हात घालत नाही. पण कोर्टात वस्तुस्थिती ठरवण्यापूर्वी साक्ष होते, उलटतपासणी होते, पुरावा नोंदला जातो. आखाड्यात आणि मैदानात हे काहीच न होता निर्णय होतो, आणि वर त्याला अंतिमतेचे कवच. चार डोळ्यांना जे दिसले नाही ते चाळीस लाख मोबाइलवर दिसते. अंतिमता पूर्वी गरज होती, कारण दुसरा पुरावाच नव्हता. आता पुरावा खिशात आहे.

आपल्या वाचकांना इथे बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण आठवेल. सत्याग्रह, असहकार, कायदेभंग आता सोडून द्या, असे त्यांनी त्यात बजावले. हे वाक्य आपल्या मोर्चांच्या विरोधात वापरायला अनेकांना आवडते. पण ते वाक्य सशर्त आहे, हे ते सांगत नाहीत. सनदशीर मार्ग जेव्हा खुलेच नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांना बरेच समर्थन होते, आणि जिथे सनदशीर मार्ग खुले आहेत तिथे मात्र ते उरत नाही, अशी त्यांची मांडणी होती. खेळाच्या संघटनांना हीच कसोटी लावा. मैदान सोडले म्हणून ४ कोटी घ्या, पण त्याआधी दाखवा की मैदान न सोडता दाद मागण्याचा मार्ग तुम्ही खुला ठेवला होता.

मैदान सोडण्याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावावरून ज्यांचे आडनाव पडले ते पालवणकर बंधू. थोरले बाळू हे त्या काळातले देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. पण चांभाराच्या घरात जन्मलेले, म्हणून हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळले. कप्तान पै आजारी पडले तेव्हा ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल पालवणकरांना डावलून नवख्या देवधरांना कप्तान केले. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. पण नुसती पाठ फिरवली नाही. आपण का बाहेर पडतो आहोत, हे त्यांनी निवेदन काढून लोकांपुढे मांडले. जात आड आली, हे स्पष्ट म्हटले. लोकमत पेटले. अंतिम सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान म्हणून बोलावले गेले आणि पै मैदानाबाहेर असताना त्यांनी काही काळ संघाचे नेतृत्वही केले. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकून दाखवली.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. तो इथे मुद्दा नाही. मुद्दा आहे १९२० च्या माघारीचा. केरळच्या प्रशिक्षकाची माघार रागाची होती, पालवणकरांची माघार युक्तिवादाची होती. आणखी एक फरक आहे. पंचाचा निर्णय निदान हजारो डोळ्यांसमोर होतो. निवड समितीचा निर्णय बंद खोलीत होतो, तिथे शिट्टीही वाजत नाही.

ताकदवानाला मात्र दोन्ही मार्गांची गरज पडत नाही. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत पंच स्टीव्ह बकनर यांच्या निर्णयांनी भारत हरला, असे आपल्याकडे सगळ्यांचे मत झाले. भारतीय मंडळाने डोळे वटारले आणि बकनर पुढच्या पर्थ कसोटीतून बाजूला झाले. केरळ ब्लास्टर्सला जे जमले नाही, आयर्लंडला जे जमले नाही, ते क्रिकेट मंडळाला चार दिवसांत जमले, कारण जागतिक क्रिकेटची तिजोरी मुंबईत उघडते. गंमत म्हणजे पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत त्याच वर्षी भारत-श्रीलंका मालिकेत आली, तेव्हा सर्वांत मोठा विरोध आपल्याच मंडळाने केला आणि तो २०१६ पर्यंत चालवला. ज्याला फोनवरून पंच बदलून मिळतो त्याला नियम कशाला हवा असेल?

आता पुन्हा कोकणाकडे. एप्रिल-मे महिन्यात, जयंतीच्या निमित्ताने आणि चाकरमानी गावी आल्यावर, आपल्या वाड्यावाड्यांत कबड्डीच्या आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. मुंबईच्या मंडळांची वर्गणी, गावच्या पोरांची मेहनत, रात्री फ्लडलाइटचा उजेड. या स्पर्धांनी आपल्या तरुणांना एकत्र ठेवले आहे, हे मान्य करायलाच हवे. पण पंच कोण असतो? बहुधा यजमान वाडीचाच कुणी. चढाईपटूचा हात लागला की नाही, पाय रेषेबाहेर गेला की नाही, यावरून उपांत्य सामन्यात भांडण होते आणि दोन वाड्या दोन-दोन वर्षे एकमेकांच्या स्पर्धेला जात नाहीत. हे आपले आपल्यातच. वरच्या व्यवस्थेला निःपक्षपातीपणा शिकवताना आपल्या मंडपातला पंच कुठून आणला, हेही पाहायला हवे. खेळणाऱ्या दोन्ही वाड्यांशी संबंध नसलेला तिसऱ्या गावचा पंच, त्याला ठरलेले मानधन, लेखी हरकतीसाठी ठराविक अनामत, आणि मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण पाहायला तिघांची समिती. याला खर्च काय येतो? व्यासपीठावरच्या एका पाहुण्याच्या सत्काराइतकाही नाही. प्रो कबड्डीत संघांना निर्णय तपासून घेण्याची सोय मिळते आणि त्या लीगने खेळाचा रोमांच कमी झाला, असे कुणी म्हटलेले ऐकिवात नाही.

राहिला कुस्तीगीर संघाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कुस्तीत एका कुस्तीला तीन पंच असतात. मधला, बाजूचा आणि गादीचा प्रमुख. चितपट देताना मधल्या पंचाच्या निर्णयाला दुसऱ्याचा दुजोरा लागतो. गुणांवर हरकत असेल तर प्रशिक्षक गादीवर स्पंजचा तुकडा टाकतो आणि चित्रीकरण पाहिले जाते. हरकत फसली तर समोरच्याला एक गुण मिळतो, म्हणजे उठसूट कुणी हरकत घेत नाही. नियम असे तयार आहेत, नव्याने शोधायचे नाहीत. अहिल्यानगरच्या त्या कुस्तीबाबत पुढे कुणी चौकशी करो, कुणावर ठपका ठेवो, गदा गेली ती गेली, तिचा निकाल आता कुणी फिरवणार नाही. पण महाराष्ट्र केसरीच्या आखाड्याला लाखोंचा मंडप, मोटारींची बक्षिसे आणि मंत्र्यांची रांग परवडते, तिथे प्रत्येक वादग्रस्त चितपटीचे चित्रीकरण त्याच वेळी मोठ्या पडद्यावर दाखवणे आणि तिन्ही पंचांचे निर्णय लेखी जाहीर करणे परवडत नाही, हे संघाने एकदा पैलवानांच्या आईबापांना समोर बसवून सांगावे.